गांजाविषयक संशोधनाचे पुनर्वाचन : हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालापासून इगतपुरीपर्यंत

मुंबईहून नाशिककडे जाणारा लोहमार्ग थळ घाट चढून इगतपुरीला पोचतो. या घाटमाथ्यावर व त्याच्या परिसरात नशेकडे पाहण्याच्या तीन वेगवेगळ्या दृष्टी शेजारी शेजारी नांदत आहेत. १९७६ पासून धम्मगिरीवर विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरतात आणि तेथे प्रवेश करणाऱ्या साधकाला सर्व मादक पदार्थ वर्ज्य असतात. उत्तरेस लगतच्या त्र्यंबकेश्वरात दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. तेथे जमणाऱ्या आखाड्यांतील साधूंची चिलीम हा समाजाने आणि बहुतेक वेळा शासनानेही डोळ्यांआड केलेला विषय आहे. तिसरी दृष्टी पोलिसांची. जून २०२१ मध्ये इगतपुरीतील बंगल्यांवर टाकलेल्या छाप्यामुळे तालुक्याचे नाव राज्यभर गाजले, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ मेफेड्रोन तयार करणारा कारखाना उघडकीस आला. या प्रत्येक प्रसंगी झालेल्या चर्चेत वनस्पतीजन्य गांजा आणि कारखान्यात तयार होणारी रसायने यांना 'अमली पदार्थ' हा एकच शब्द पुरला.

वर्तमानपत्राला तो पुरत असेल; संशोधनाला पुरू नये. परंतु महाविद्यालयीन पातळीवर या विषयावर जे लेखन होते त्यात हाच दोष वारंवार आढळतो. वैद्यकशास्त्र, कायदा, रसायनशास्त्र, समाजशास्त्र या चारही ठिकाणांहून विधाने गोळा करून ती एका प्रबंधात शेजारी शेजारी मांडली जातात. प्रत्येक शास्त्राने 'गांजा' या शब्दाने नेमकी कोणती वस्तू मोजली आहे हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. बहुविद्याशाखीय संशोधन म्हणून हे लेखन सादर होत असले तरी त्याच्या विद्याशाखा परस्परांशी बोलतच नाहीत. हा दोष कोठून आला आणि तो दूर करण्याचे साधन कोठे सापडते याची चिकित्सा करण्यासाठी सव्वाशे वर्षांहून अधिक जुना एक अहवाल पुन्हा वाचणे उपयुक्त ठरते.

नाव एक, वस्तू अनेक

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच वनस्पतीपासून, म्हणजे कॅनाबिस सटायव्हापासून मिळतात. भांग म्हणजे मुख्यतः पाने. गांजा म्हणजे मादी झाडाचा राळेने भरलेला फुलोरा. चरस म्हणजे ती राळच. या वनस्पतीत नर व मादी झाडे सामान्यतः वेगळी असतात. परागण झाले की मादीची शक्ती बियांकडे वळते आणि फुलोऱ्यातील राळ कमी होते. म्हणून गांज्याच्या लागवडीत नर झाडे वेळीच ओळखून उपटावी लागतात. एकोणिसाव्या शतकात बंगालमधील नौगाव परिसरात हे काम करणारे 'पोद्दार' नावाचे जाणकार होते. शेतात फिरून नर रोप ओळखणे एवढाच त्यांचा व्यवसाय. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला हे वर्णन परिचित वाटेल, कारण लिंगभेद दिसू लागताच तो टिपण्याची ही नजर प्रयोगशाळेत शिकवावी लागते.

मराठी भाषेने या वनस्पतीचे मूल्यमापन आपल्या पद्धतीने केव्हाच करून ठेवले आहे. 'भांगेत तुळस' या म्हणीत भांग ही वाईटाची आणि तुळस ही चांगल्याची खूण आहे. त्याच भांगेला आयुर्वेदात 'विजया' हे गौरवाचे नाव आहे. आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत भांग, बिया वगळून, विषारी द्रव्यांमध्ये नोंदलेली आहे. म्हण, चिकित्साग्रंथ आणि अनुसूची यांपैकी कोणीच खोटे बोलत नाही. तिघांच्या डोळ्यांसमोर त्या झाडाचा वेगळा भाग आणि वेगळी मात्रा आहे.

१८९३-९४ : एका चौकशीची पद्धत

भारतातील गांजाविषयक संशोधनाचा आरंभ डब्ल्यू. बी. ओशॉनेसी यांच्या १८३९ मधील कलकत्त्याच्या निबंधापासून मानण्याची प्रथा आहे. त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि धनुर्वात, जलसंत्रास, बालकांचे झटके अशा विकारांत गांज्याच्या अर्काचा उपयोग करून पाहिला. त्या निबंधाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु संशोधनाच्या पद्धतीचा विचार करता त्याहून अधिक शिकवणारा ग्रंथ म्हणजे इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल होय.

या चौकशीचे निमित्त लंडनमध्ये घडले. मद्यपाननिषेधाचा पुरस्कार करणारे खासदार डब्ल्यू. एस. केन यांनी मार्च १८९३ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्न विचारला. त्यातून जुलै १८९३ मध्ये आयोगाची नेमणूक झाली. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे पंजाबातील वरिष्ठ महसुली अधिकारी होते. सदस्यांमध्ये मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर एच. टी. ओमनी होते, रसायनशास्त्राचे प्राध्यापक सर्जन-मेजर वॉर्डन होते, आणि तीन भारतीय सदस्य होते : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद. ऑगस्ट १८९३ मध्ये कलकत्त्यास काम सुरू झाले आणि ऑगस्ट १८९४ मध्ये सिमल्यास अहवाल पूर्ण झाला. सत्तर प्रश्नांची प्रश्नावली, देशभरातील १,१९३ साक्षीदार आणि तीन हजारांहून अधिक पृष्ठे, असा या कामाचा आवाका होता.

आयोगाचा निष्कर्ष सर्वपरिचित आहे. बेताच्या सेवनाने शरीर, मन वा नीती यांची लक्षणीय हानी होत नाही. अतिरेकी सेवन हानिकारक असते. संपूर्ण बंदी आवश्यक नाही आणि इष्टही नाही. कर, परवाना आणि नियंत्रित लागवड हा मार्ग योग्य. एवढे चार ओळींचे तात्पर्य उचलून गांज्याच्या कायदेशीरपणाचे पुरस्कर्ते त्याचा आधार घेतात, तर विरोधक तो वसाहतवादी महसुलाच्या सोयीचा म्हणून बाजूला सारतात. दोघेही शेवटचे पान वाचतात. अहवालाचे खरे मोल त्याच्या मनोविकारांवरील प्रकरणात आहे.

गांज्यामुळे वेड लागते ही समजूत त्या काळी सरकारी आकडेवारीतच रुजलेली होती. वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे आणि त्यात गांजा हे उत्तर मोठ्या प्रमाणात आढळे. १८९२ मध्ये दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या बाबतीत हे कारण नोंदले होते, म्हणजे सुमारे साडेसोळा टक्के. आयोगाने हा आकडा जसाच्या तसा स्वीकारला नाही. त्याने या २२२ नोंदींचा माग मूळ कागदापर्यंत काढला. रुग्णाला कोणी आणले, कारण कोणी सांगितले, नातेवाइकांना विचारले होते काय, गांजा ओढण्याआधीच लक्षणे होती काय, घराण्यात वेड होते काय, अशी चौकशी ठिकठिकाणी पुन्हा करण्यात आली. तेव्हा असे आढळले की कारणाचा रकाना बहुधा पोलिसाने भरलेला असे. भटक्या, अनोळखी, बोलू न शकणाऱ्या माणसाबद्दल पोलिसाला जे सहज सुचे ते तो लिही. न्यायाधीशाच्या कागदावर तेच उतरे. आणि इस्पितळाच्या अधीक्षकाच्या वार्षिक तक्त्यात ते वैद्यकीय सत्य बनून बसे. फेरतपासणीत केवळ गांज्यामुळे वेड आल्याचे मानता येईल अशी ६१ आणि अन्य कारणांसोबत गांजा असलेली ३७, मिळून ९८ प्रकरणे उरली. १,३४४ मध्ये हे प्रमाण ७.३ टक्के होते.

हा आकडा आज अचूक मानण्याचे कारण नाही. उरलेल्या ९८ प्रकरणांतही कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. आणि ज्यांच्या नावापुढे गांजा हे कारण मुळातच लिहिले गेले नव्हते अशा रुग्णांची तशी तपासणी झाली नव्हती, म्हणून चूक उलट्या दिशेनेही असू शकते. परंतु आकड्यामागे जाऊन 'हा रकाना कोणी भरला' असे विचारण्याची कृती ही संशोधनाच्या इतिहासातील फार मोठी गोष्ट आहे. आज संगणकावर तयार तक्ते उपलब्ध असताना ती अधिकच दुर्मीळ झाली आहे. जेम्स मिल्स यांनी 'मॅडनेस, कॅनाबिस अँड कलोनियलिझम' (२०००) आणि 'कॅनाबिस ब्रिटानिका' (२००३) या ग्रंथांत वसाहतकालीन इस्पितळे, पोलिसी नोंदी आणि महसूल यांचे धागे उलगडून दाखवले आहेत. त्यांचे विवेचन वाचताना आयोगाच्या हेतूंबद्दल संशय बळावतो आणि तो रास्तही आहे, कारण अफूवरील शाही आयोगाचे काम याच सुमारास चालू होते व मादक पदार्थांचे उत्पन्न हा सरकारच्या जिव्हाळ्याचा विषय होता. तथापि हेतू संशयास्पद असला तरी पद्धत आपोआप सदोष ठरत नाही. दोन्हींची तपासणी वेगवेगळी करावी लागते.

पद्धत सदोष आहे ती अन्यत्र. साक्षीदारांचा वर्गवार तक्ता पाहावा. १,१९३ पैकी ४६७ मुलकी अधिकारी, २१४ सरकारी वैद्यकीय अधिकारी, १२१ खाजगी वैद्य व डॉक्टर, ३४ मिशनरी, ७५ शेतकरी व जमीनदार, १४४ व्यापारातील लोक, शिवाय वकील आदी व्यावसायिक आणि संस्था. सेवन करणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग या तक्त्यात नाही. काही साक्षीदार स्वतः भांग वा गांजा घेत असतीलही. पण ज्यांच्या शरीरावर आणि मनावर होणाऱ्या परिणामांसाठी ही सर्व यंत्रणा हलवली, त्यांना त्या नात्याने साक्षीला बोलावले गेले नाही. पोलिसाने भरलेल्या रकान्यावर अविश्वास दाखवणारा आयोग कलेक्टरने भरलेल्या प्रश्नावलीवर मात्र बराच विश्वास ठेवतो. 'बेताचे सेवन' म्हणजे किती, हेही निश्चित मापाने ठरवले गेले नाही. साक्षीदाराला जे बेताचे वाटले ते बेताचे. मग बेताच्या सेवनाने हानी होत नाही या वाक्याला कितपत अर्थ उरतो? हानी दिसली नाही म्हणून सेवनाला बेताचे म्हटले गेले असण्याची शक्यता त्यातून वगळता येत नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो. तीन भारतीय सदस्यांपैकी राय आणि निहालचंद या दोघांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली आहे. अहवाल उद्धृत करणाऱ्या लेखनात 'आयोगाचे मत' म्हणून जे येते ते बहुमताचे मत असते. देशी समाज आतून जाणणाऱ्या दोघांना ते मान्य नव्हते ही बाब निर्णायक नसली तरी ती गाळणे अप्रामाणिकपणाचे आहे.

मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर गांज्याची लागवड प्रामुख्याने अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात होत असे आणि १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने तिच्यावर परवान्याचे बंधन होते. नगरचा गांजा, मध्य प्रांतातील खांडव्याचा गांजा आणि नौगावचा गांजा यांच्या लागवडीत व प्रतीत फरक होता, याची जाण आयोगाला होती. नाशिक-नगर परिसरातील इतिहासाच्या अभ्यासकाला हा विषय खुला आहे. आबकारीचे जुने कागद, जिल्हा गॅझेटिअर आणि आयोगापुढील मुंबई इलाख्याच्या साक्षी एकत्र वाचल्या तर नगरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या जमाखर्चात या पिकाचे स्थान काय होते हे कळू शकेल. अहवालाचे खंड स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर सर्वांना खुले केलेले असल्यामुळे ग्रंथालयात मिळत नाही ही सबब आता चालण्यासारखी नाही.

अहवालाचे दोन वाचक

विसाव्या शतकात हा अहवाल जवळजवळ विस्मृतीत गेला होता. १९६८ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ टॉड मिकुरिया यांनी 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ दि अ‍ॅडिक्शन्स' या नियतकालिकात त्याचा परिचय करून दिला आणि पुढील वर्षी अमेरिकेत त्याचे पुनर्मुद्रण झाले. मिकुरिया स्वतः गांज्यावरील निर्बंध सैल करावेत या मताचे होते. त्याच नियतकालिकात १९७२ मध्ये ओरियाना कलांत यांनी अहवालाचे चिकित्सक परीक्षण करून त्यातील पुराव्याच्या मर्यादांकडे लक्ष वेधले. चार वर्षांच्या अंतराने एकाच नियतकालिकात झालेली ही दोन वाचने पदव्युत्तर वर्गात समोरासमोर ठेवून शिकवण्यासारखी आहेत. पहिले वाचन अहवालाकडून पाठिंबा मागते, दुसरे त्याच्याकडून पुरावा मागते.

आयोगाच्या सांगण्यावरून डी. डी. कनिंगहॅम यांनी माकडाला कित्येक महिने गांज्याचा धूर देऊन मेंदूची तपासणी केली होती. एका माकडावरून काही सिद्ध होत नाही, हे सांगण्यास आज तज्ज्ञाची गरज नाही. पण असा प्रयोग करावा असे एका प्रशासकीय चौकशीला १८९३ मध्ये वाटले, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

रेणूचा शोध आणि त्यानंतर

आयोगापुढे जी अडचण होती ती मुळात रसायनशास्त्राची होती. अफूतून मॉर्फिन वेगळे करता आले होते. गांज्यातील कार्यकारी द्रव्य कोणते हे कोणालाही माहीत नव्हते. ते १९६४ मध्ये इस्राएलमध्ये येहिएल गावनी आणि राफाएल मेशुलाम यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले : टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजेच टीएचसी. १९९० मध्ये मेंदूतील त्याच्या ग्राहीची जनुकीय ओळख पटली आणि १९९२ मध्ये त्या ग्राहीशी जोडला जाणारा शरीरातीलच एक रेणू मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याचे नाव 'आनंदमाइड' ठेवण्यात आले. त्यातील 'आनंद' हा संस्कृत शब्दच आहे.

यामुळे मोजण्याचे एकक मिळाले. आता प्रश्न 'गांजा हानिकारक आहे काय' असा न राहता 'किती टक्के टीएचसी, किती वेळा, कोणत्या वयात' असा विचारता येऊ लागला. स्वीडनमधील सुमारे ४५ हजार लष्करभरतीच्या युवकांच्या पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात (१९८७) भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा सेवन केलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचा धोका सहापट आढळला. युरोप व ब्राझीलमधील केंद्रांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा टक्के वा अधिक टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये वास्तवाचे भान सुटण्याच्या विकाराचे प्रमाण कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास पाचपट दिसले. दुसऱ्या बाजूस, त्याच वनस्पतीतील नशा न आणणारे कॅनाबिडिऑल हे द्रव्य बालवयातील काही दुर्धर अपस्मारांवर उपयुक्त ठरले आणि २०१८ मध्ये अमेरिकेत त्याच्या औषधाला मान्यता मिळाली.

हे निष्कर्ष भारतीय शोधनिबंधांत कसे उतरतात याची तपासणी केली असता जुनाच दोष नव्या वेषात समोर येतो. युरोपातील उच्च शक्तीच्या गांज्याचे आकडे येथील गांजाला लागू केले जातात. येथील नमुन्यात टीएचसी किती हे मात्र सांगितले जात नाही. कॅनाबिडिऑलचे औषधी गुण सांगताना त्याचे श्रेय थेट भांगेच्या घोट्याला दिले जाते. केंद्र शासनासाठी एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात देशातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी लोक वर्षभरात या वनस्पतीचे पदार्थ घेत असल्याचे दिसले. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. त्याच सर्वेक्षणाने भांग घेणारे सुमारे २ टक्के आणि गांजा-चरस घेणारे सुमारे १.२ टक्के असा भेद केला आहे, तो मात्र वाटेत गळून पडतो. शिमग्याला किंवा महाशिवरात्रीला एकदा भांग घेणारा आणि रोज चिलीम ओढणारा यांना एका बेरजेत बसवून निघालेल्या आकड्यावर समुपदेशनाचे धोरण आखता येत नाही.

कायद्याचे माप

कायदा रेणू पाहत नाही, तो झाडाचा अवयव पाहतो. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे म्हणजे कॅनाबिस आणि शेंड्यांशिवायची पाने व बिया म्हणजे नव्हे अशी व्याख्या झाली. १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने, म्हणजे एनडीपीएस कायद्याने, हाच भेद उचलला. म्हणून केंद्रीय कायद्यात भांग गुन्हा ठरत नाही. ती राज्यांच्या कायद्यावर सोपवली गेली आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तिच्यावर परवान्याचे निर्बंध आहेत. राजस्थानात सरकारमान्य दुकानात मिळणारी वस्तू इगतपुरीत बाळगताना परवाना लागतो, याचे स्पष्टीकरण औषधशास्त्रात नाही. ते राज्यघटनेतील विषयवाटपात आणि मुंबई राज्याच्या मद्यनिषेधाच्या इतिहासात शोधावे लागते.

या व्याख्येचे परिणाम अभ्यासाच्या टेबलापुरते मर्यादित नाहीत. एक किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प मात्रा, शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोहून अधिक म्हणजे व्यापारी मात्रा, शिक्षा किमान दहा वर्षे आणि जामीन अतिशय कठीण. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत. वजनकाट्यावर काय ठेवले यावर माणसाच्या आयुष्याची दहा वर्षे अवलंबून असतात. जप्त केलेल्या गोणीत फुलोरा किती, पाने किती, काड्या किती हे वेगळे केले नाही तर पानांचे वजनही गांजा म्हणून मोजले जाते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात नेमका हाच मुद्दा ग्राह्य धरला : जप्तीत हिरवट पानांचा पदार्थ नोंदलेला होता, फुलोऱ्याचा उल्लेख नव्हता, म्हणून प्रथमदर्शनी तो व्याख्येतील गांजा ठरत नव्हता. येथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. पंचनाम्यातील 'गांजा' हा शब्द कोणी लिहिला आणि काय पाहून लिहिला? या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक देऊ शकतो. कायद्यावरील आपल्याकडच्या लेखनात त्याला बोलावले जात नाही, ही उणीव साधी नव्हे.

दुसरीकडे रेणूचे मापही कायद्यात शिरू लागले आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या लागवडीस परवाना देताना टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पच्या बियांना अन्न म्हणून मान्यता देताना किलोमागे ५ मिलिग्रॅम टीएचसी ही कमाल मर्यादा घातली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून वगळले, तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. बियांसाठी मिलिग्रॅम आणि गांज्यासाठी किलोग्रॅम, अशी दोन मापे आज एकाच देशात चालू आहेत. दोन टक्के टीएचसीचा एक किलो आणि पंधरा टक्क्यांचा एक किलो फौजदारी कायद्याच्या दृष्टीने सारखेच आहेत.

संशोधनासाठी कायद्यात वाट आहे. कलम ८ मध्ये वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजनाचा अपवाद आहे. पण ती परवानगीची वाट आहे आणि लहान महाविद्यालयाला ती चालणे अवघड पडते. काटेकोर अर्थ घेतला तर वनस्पतिसंग्रहालयात फुलोऱ्यासह दाबून ठेवलेला जुना नमुनाही प्रश्न निर्माण करू शकतो. त्यामुळे रसायन व वनस्पतिशास्त्र विभाग या विषयापासून दूर राहतात. ज्यांना नमुन्याची गरज नाही ते सामाजिक शास्त्रांचे विभाग मात्र इतरांची आकडेवारी घेऊन लिहीत राहतात. या विषयावरील लेखनाचा जो एकांगीपणा दिसतो त्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

इगतपुरीशी जोडलेला एक अभ्यास

सिएटल येथील कमी बंदोबस्ताच्या तुरुंगात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांची विपश्यना शिबिरे झाली. त्यांवरील सारा बोवेन, अ‍ॅलन मार्लाट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतर तीन महिन्यांनी, शिबिर केलेल्यांमध्ये नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत मद्य, गांजा आणि क्रॅक कोकेन यांचे सेवन कमी आढळले. इगतपुरीतून जगभर गेलेल्या साधनापद्धतीचा गांज्याच्या सेवनाशी संबंध जोडणारा हा अभ्यास येथे अभिमानाने उद्धृत होणे स्वाभाविक आहे. व्यसन मूलतः पदार्थाचे नसून त्यातून उठणाऱ्या संवेदनांचे असते, हे गोएंका यांचे प्रतिपादन या निष्कर्षाशी जुळतेही. तरीही १८९४ च्या आयोगाची कसोटी येथेही लावली पाहिजे. शिबिर कोणी करावे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. ज्यांनी ते निवडले त्यांची सोडण्याची इच्छा आधीच प्रबळ असू शकते. पाठपुराव्यात टिकलेल्यांची संख्या शंभराहून कमी होती आणि गळालेल्यांचे काय झाले ते कळत नाही. सेवनाचा रकाना या वेळी पोलिसाने भरला नव्हता, तो सुटलेल्या कैद्याने स्वतः भरला होता. ही प्रगती आहे, पण नुकत्याच सुटलेल्या माणसाला आपण पुन्हा गांजा ओढतो असे लिहिणे कितपत सोपे असते, हाही विचार आवश्यक ठरतो. लेखकांनी या मर्यादा लपवलेल्या नाहीत. त्या गाळल्या जातात उद्धृत करणाऱ्यांकडून.

तालुक्याच्या पातळीवर करता येण्याजोगे काम यावरून स्पष्ट होते. त्यासाठी टीएचसी मोजणारे यंत्र लागत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात आणि नाशिकच्या व्यसनमुक्ती केंद्रांत 'पदार्थ' या रकान्यात काय लिहिले जाते. भांग, गांजा, तंबाखूत मिसळलेला गांजा आणि दारूबरोबर घेतलेला गांजा वेगळे नोंदले जातात काय. रुग्ण सांगतो की सोबतचा नातेवाईक. पहिल्या सेवनाचे वय विचारले जाते काय, याचा पडताळा नावे न घेता, रीतसर परवानगीने करता येईल. न्यायालयातील निकालपत्रांत जप्त मालाचे वर्णन कोणत्या शब्दांत येते हे विधी शाखेचा विद्यार्थी पाहू शकेल. २०१५ नंतरचा त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये आहे. धार्मिक सेवनाविषयी आयोगाने पुष्कळ साक्षी घेतल्या, त्या बहुतांशी अधिकाऱ्यांच्या आणि प्रतिष्ठितांच्या. आखाड्यातील साधूला त्याच्या चिलमीविषयी, तिच्या मात्रेविषयी, प्रकृतीविषयी आणि ती सोडलेल्या गुरुबंधूंविषयी प्रत्यक्ष विचारणारी प्रश्नावली मराठी व हिंदीत आधी तयार करावी लागेल, आणि ती भरून घेणारा विद्यार्थी पोलिसांचा माणूस नाही हे साधूला पटवून द्यावे लागेल.